जोत्तो, दुच्चो आणि त्यांची गावं: नुसत्या उफ्फिझीवर भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई-वडिलांना घेऊन दहा दिवस इटलीला जाताय, उतरणार रोमला आणि परतीचं विमान व्हेनिसहून. सातशे वर्षांपूर्वीचा फ्लॉरेन्सचा चित्रकार जोत्तो आणि त्याच्या आगेमागे होऊन गेलेले चित्रकार बघायची इच्छा आहे. कुणीतरी सांगितलं की फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात हे सगळे एका ठिकाणी बघायला मिळतात, मग सिएना, असिसी, पादुआ अशी वणवण कशाला? शेवटी तुम्ही असंही लिहिलंय की सोनेरी पार्श्वभूमीवरच्या मेरी तुम्हाला सगळ्या सारख्याच वाटतात, त्यामुळे एवढा खटाटोप करावा की नाही हीच शंका आहे.

मी कला महाविद्यालयात चित्रकलेचा इतिहास शिकवते, विद्यार्थ्यांकडून ओल्या चुन्यावरचं भित्तिचित्र प्रत्यक्ष करून घेते आणि अधूनमधून छोटे गट घेऊन याच गावांतून फिरते. माझ्या मते तुमच्या दोन्ही शंकांचं मूळ एकच आहे. या चित्रकारांची नावं आज आपण एकेकटी घेतो, पण त्यांना काम मिळायचं ते गावाकडून. कधी नगरसभा काम द्यायची, कधी कॅथीड्रलची, म्हणजे गावातल्या बिशपच्या मुख्य चर्चची कचेरी, कधी संन्याशांचा संघ, कधी एखादा गबर सावकार. चित्र कुठल्या भिंतीसाठी होतं, पैसा कुणाचा होता, समोर कोण उभं राहणार होतं, हे कळलं की मेरी एकमेकींपासून वेगळ्या दिसायला लागतात. संग्रहालयात या सगळ्या गोष्टी गळून पडतात आणि उरतो तो फक्त सोन्याचा वर्ख.

तेव्हा माझं उत्तर: उफ्फिझीवर भागणार नाही, पण उफ्फिझी वगळूनही चालणार नाही. कारण साधं आहे. साधारण १२५० ते १३५० या शंभर वर्षांतलं सगळ्यात मोठं काम भिंतींवर झालं आणि भिंती गाव सोडत नाहीत. उफ्फिझीत आहेत ती लाकडी फलकांवरची चित्रं. तीही अव्वल आहेत, पण जोत्तोची मोजकीच, आणि ज्या कामामुळे जोत्तो जोत्तो झाला ते तिथे नाहीच.

किती गावं जमतील हे मात्र परिस्थितीवर आहे. आई-वडिलांना चढ-उतार कितपत झेपतो, त्यांना या विषयात रस आहे की ते तुमच्यासाठी येताहेत, आणि ज्या दिवसांत तुम्ही जाल तेव्हा कुठल्या भिंतीसमोर परांची बांधलेली आहे. शेवटची गोष्ट लोक विसरतात. या भिंतींची डागडुजी वर्षानुवर्षं चालते आणि नेमकं हवं ते चित्र पडद्याआड असू शकतं. तिकीट काढण्याआधी त्या त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

आधी डोळा तयार करा: उफ्फिझीतल्या तीन मेरी

उफ्फिझीच्या सुरुवातीच्या दालनात तीन प्रचंड फलक एकत्र आहेत. तिघींचा विषय एकच, सिंहासनावरची मेरी, मांडीवर बाळ येशू आणि भोवती देवदूत. याला तिकडे माएस्ता म्हणतात. एक जोत्तोच्या आधीच्या पिढीतल्या चिमाब्वेची, फ्लॉरेन्सच्या सांता त्रिनिता चर्चसाठी काढलेली. दुसरी सिएनाच्या दुच्चोची, सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधली. तिसरी जोत्तोची, ओन्यिसान्ती चर्चमधली, साधारण १३१० ची. सगळ्या सारख्या वाटतात म्हणता ना, तर याच दालनात अर्धा तास द्या.

आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्याला हे सोपं जाईल. राग तोच, पण घराणं बदललं की सूर लावायची, जागा घेण्याची रीत बदलते. इथे विषय तोच आहे, तेव्हा विषय बघूच नका. मी गटाला तीन गोष्टी बघायला सांगते: गुडघे, सिंहासन आणि देवदूतांचे पाय.

चिमाब्वेच्या मेरीच्या वस्त्रावर सोन्याच्या बारीक रेघांचं जाळं आहे. ती जुनी बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातली रीत. रेघा सुंदर आहेत, पण त्यांच्याखाली गुडघा कुठे आहे हे शोधावं लागतं. देवदूत एकावर एक रचल्यासारखे उभे. सिंहासनाच्या पायथ्याशी कमानींतून बायबलच्या जुन्या करारातले चार संदेष्टे डोकावतात आणि तिथे चिमाब्वेची खरी ताकद दिसते, ते वृद्ध चेहरे जिवंत आहेत. दुच्चोकडे वळा. देवदूत सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेत, पण गुडघ्यांखाली काहीच नाही, ते हवेतच तरंगतात. मेरीच्या झग्याची सोनेरी किनार बघा. मानेपासून पावलापर्यंत ती एकच रेघ वळणं घेत खाली येते आणि एकदाही तुटत नाही. सिएनाचा हात तो हा. आता जोत्तो. सोन्याच्या रेघा गेल्या. पांढऱ्या वस्त्राखाली छातीची गोलाई आहे, मांडीला वजन आहे, बाळ खरंच त्या मांडीवर बसलंय. पुढचे दोन देवदूत फुलदाण्या घेऊन जमिनीवर गुडघे टेकतात आणि ती जमीन त्यांचा भार घेते. सिंहासनाच्या बाजूच्या झरोक्यांतून मागे उभे असलेले चेहरे दिसतात, म्हणजे सिंहासनाला मागची बाजूही आहे. तिघींपैकी सर्वात मोठी दुच्चोची, साडेचार मीटर उंच. तरी भरीव वाटते ती जोत्तोचीच.

एक गोष्ट इथेच सांगते. दुच्चो सिएनाचा, मग त्याची मेरी फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये कशी? मेरीची स्तोत्रं गाणाऱ्या फ्लॉरेन्सच्या गृहस्थांच्या एका मंडळानं १५ एप्रिल १२८५ ला त्याच्याशी करार केला. किंमत १५० लिरा, सोनं आणि रंगांचा खर्च चित्रकारानं करायचा, आणि चित्र पसंत पडलं नाही तर मंडळावर ते घ्यायचं बंधन नाही. म्हणजे तेव्हाही चित्रकार गावोगाव फिरत होते. पुढे कितीतरी शतकं हे चित्र लोक चिमाब्वेचं समजत होते, कारण फ्लॉरेन्सचा अभिमान बाळगणारा सोळाव्या शतकातला चरित्रकार वाझारी यानं तसं लिहून ठेवलं होतं. कुठल्या गावाच्या बाजूनं इतिहास लिहिला जातो याचा हा परिणाम.

चेहरे हिरवट का, असा प्रश्न तुमच्या आईला नक्की पडेल, सगळ्यांनाच पडतो. या फलकांवर कातडीचा रंग लावण्याआधी खाली हिरव्या मातीच्या रंगाचा थर देत. त्यावर गुलाबी, पांढरट रंग अंड्याच्या बलकात कालवून बारीक बारीक फटकाऱ्यांनी चढवत. हिरव्यावर गुलाबी आला की सावलीतली कातडी जिवंत दिसते. पुढे शतकानुशतकांच्या पुसापुशीत वरचा गुलाबी झिजला आणि खालचा हिरवा वर आला. चित्रकारानं आजारी चेहरा काढलेला नव्हता. हे एकदा कळलं की डोळा मनातल्या मनात गुलाबी परत भरायला लागतो. आणि सोनं? पॉपलरच्या फळीवर कापड, त्यावर जिप्समचे थर, त्यावर लाल चिकणमाती आणि तिच्यावर वर्ख, मग गुळगुळीत दगडानं घासून झळाळी. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात ते सोनं हलायचं. संग्रहालयाच्या दिव्यात ते नुसतंच चमकतं. फलकासमोर उभं राहून हळूहळू डावीकडून उजवीकडे सरका, थोडीशी कल्पना येईल.

भिंत समजून घ्या

आपण मराठीत भिंतीवरच्या कुठल्याही चित्राला फ्रेस्को म्हणतो, अजिंठ्यालासुद्धा. अजिंठ्याचं तंत्र वेगळं आहे. तिथे मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि रंग डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून कोरड्या पृष्ठावर लावलेले. इटलीतल्या खऱ्या फ्रेस्कोत चुना-वाळूचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचा पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडात अडकून बसतो. त्यामुळे एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. त्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात, म्हणजे दिवसभराचं काम. तिरप्या उजेडात भिंत बघितलीत तर तुकड्यांचे सांधे दिसतात. मोकळ्या आकाशाचा मोठा तुकडा एका दिवसात झालाय आणि एका चेहऱ्याला पूर्ण दिवस गेलाय. माझे विद्यार्थी पहिल्यांदा ओल्या चुन्यावर काम करतात तेव्हा दुपारनंतर त्यांचे हात थांबतात, गिलावा रंग घेईनासा होतो. त्यानंतर जोत्तोचा एखादा चेहरा बघताना ते बोलत नाहीत.

काही रंगांना मात्र चुना मानवत नाही. निळा हा त्यातला मुख्य. तो भिंत वाळल्यावर वरून चिकटवून लावत, म्हणून तोच आधी झडतो. कितीतरी भिंतींवर मेरीचा निळा झगा काळपट किंवा पांढुरका दिसेल, त्याचं कारण हे.

असिसी: जिथे सगळे भेटले

रोमहून फ्लॉरेन्सला जाताना वाटेत असिसी ठेवा. फ्रान्सिस्कन संन्यासी संघाचे संस्थापक संत फ्रान्सिस १२२६ मध्ये वारले, १२२८ मध्ये त्यांना संतपद मिळालं आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाच्या बासिलिकेचं, म्हणजे मोठ्या चर्चचं बांधकाम सुरू झालं. एकावर एक अशी दोन चर्च आहेत. या एका इमारतीत रोम, फ्लॉरेन्स आणि सिएना तिन्हीकडचे चित्रकार कामाला होते, त्यामुळे ही घराणी एकमेकांकडून काय शिकली हे इथल्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

वरच्या चर्चमध्ये चिमाब्वेची चित्रं फोटोच्या निगेटिव्हसारखी दिसतात. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा वापरला होता, तो काळा पडला. त्या काळ्या-तांबूस भिंतीवरचं येशूच्या सुळावरचं दृश्य तरीही अंगावर येतं. मग सभागृहाच्या खालच्या पट्ट्यात संत फ्रान्सिसच्या आयुष्यातले २८ प्रसंग. हे जोत्तोचे की रोमहून आलेल्या चित्रकारांचे, यावर अभ्यासकांचं शंभर वर्षांहून अधिक काळ भांडण चालू आहे. मी वर्गात दोन्ही बाजू सांगते. मला स्वतःला वाटतं की एकाच हाताचं हे काम नाही, आणि त्यात रोमच्या कावाल्लिनीच्या चित्रांशी ओळख असलेली माणसं नक्की होती.

वाद बाजूला ठेवून ग्रेच्चोच्या गोठ्याचा प्रसंग शोधा. फ्रान्सिसनं नाताळच्या रात्री गोठा उभा केला, ती गोष्ट. चित्रकारानं आपल्याला चर्चच्या आतल्या बाजूला, वेदीपाशी उभं केलंय. समोर आडवी भिंत आणि तिच्यावर भाविकांच्या दिशेनं कललेला क्रूस. आपल्याला दिसते ती क्रूसाची पाठ! उघडं लाकूड, आडव्या पट्ट्या, आधाराचा दोर. दारात बायका दाटीवाटीनं उभ्या आहेत, त्यांना आत येता येत नाही. पवित्र वस्तूची मागची, सुताराची बाजू दाखवायचं धाडस कुणाला तरी १३०० च्या आसपास झालं. तुमचे वडील इंजिनिअर असोत वा नसोत, हे चित्र त्यांना आवडेल.

२६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात इथल्या छताचे भाग कोसळले आणि आत पाहणी करणारे चार जण मरण पावले. त्यानंतर चित्रांचे हजारो तुकडे वेचून, जुळवून काही भाग परत बसवले गेले. वर बघताना मधेच मोकळी, फिकट जागा दिसेल, ती तिथली.

खालच्या चर्चमध्ये अंधार आहे, डोळे स्थिरावेपर्यंत पाच मिनिटं बसून राहा. सिमोने मार्तिनीनं रंगवलेलं संत मार्टिनचं दालन आणि पिएत्रो लोरेन्झेत्तीनं काढलेलं येशूला क्रूसावरून उतरवण्याचं दृश्य, ही दोनच बघितलीत तरी चालेल. दोघेही सिएनाचे. मार्तिनीकडे रेशीम, नक्षी, दरबारी अदब आहे. लोरेन्झेत्तीकडे ताठरलेलं शव आहे, आणि ते धरणाऱ्या माणसांचे दुःखानं वाकलेले देह.

सिएना: गावानं स्वतःसाठी काढून घेतलेली चित्रं

एकाच गावाची निवड करायची असती तर मी सिएना म्हटलं असतं. इथे चित्रकला हा गावच्या कारभाराचा भाग होता. १२६० मध्ये मोंतापेर्तीच्या लढाईआधी सिएनाकरांनी गाव मेरीच्या पायाशी वाहिलं आणि बलाढ्य फ्लॉरेन्सला हरवलं. तेव्हापासून मेरी गावाची राणी. कॅथीड्रलच्या कचेरीनं १३०८ मध्ये दुच्चोला मुख्य वेदीसाठी माएस्ता सांगितली. करारात म्हटलंय की काम स्वतःच्या हातानं करायचं, मध्ये दुसरं काम घ्यायचं नाही, सामान कचेरी पुरवेल आणि काम केलेल्या प्रत्येक दिवसाचे १६ सोल्दी मिळतील. मघाचा फ्लॉरेन्सचा करार आठवा, तिथे सगळी जोखीम चित्रकाराची होती. ९ जून १३११ ला दुकानं बंद ठेवून, घंटा वाजवत, बिशप आणि नगरशासकांसह सगळ्या गावानं ते चित्र मिरवणुकीनं कॅथीड्रलमध्ये नेलं. मेरीच्या पायाशी दुच्चोनं लिहिलंय की हे देवमाते, सिएनाला शांती दे आणि तुला असं रंगवणाऱ्या दुच्चोला आयुष्य दे. गावाच्या नावाशेजारी आपलं नाव!

१७७१ मध्ये हा फलक कापून त्याची पुढची आणि मागची बाजू वेगळी केली गेली. काही छोटे तुकडे आज लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, माद्रिद असे पांगलेत. मुख्य भाग कॅथीड्रलच्या संग्रहालयात आहे. पुढची बाजू लांबून बघा, जवळपास चार मीटर रुंद आहे. मागची बाजू, येशूच्या अखेरच्या दिवसांचे छोटे छोटे प्रसंग, हातभर अंतरावरून. त्याच संग्रहालयात पिएत्रो लोरेन्झेत्तीचा मेरीच्या जन्माचा १३४२ चा फलक आहे. तीन भागांची चौकट, पण खोली एकच. चौकटीचा खांब म्हणजे त्या खोलीचाच खांब आणि एक बाई खांबामागे अर्धी झाकली गेलीय.

मग नगरभवनात, पालाझ्झो पुब्लिकोत जा. मोठ्या सभागृहात सिमोने मार्तिनीची १३१५ ची माएस्ता भिंतभर आहे. तिथे मेरी सिएनाच्या कारभाऱ्यांना बजावते की देवदूतांनी वाहिलेल्या गुलाब-लिलींपेक्षा मला नेक सल्ला अधिक प्रिय आहे. ज्यांनी रोज त्या खोलीत बसून निर्णय घ्यायचे त्यांच्या डोळ्यांसमोर ही ओळ रंगवलेली. शेजारच्या खोलीत तेव्हा नऊ जणांचं शासन बसायचं. व्यापारी वर्गातली नऊ माणसं, मुदत दोन महिने, मग पुढचे नऊ. त्यांच्याच खोलीत आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीनं १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं काढली.

इथे वेळ द्या. न्यायदेवतेच्या तराजूतून निघालेला दोर खाली एकोप्याच्या देवतेच्या हातात येतो. तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, नागरिकांमधले उंचवटे तासून सारखे करायला. तोच दोर पुढे रांगेनं उभ्या २४ नागरिकांच्या हातातून जातो आणि राज्यकर्त्याच्या मनगटाशी पोचतो. शेजारच्या भिंतीवर सिएना गाव आहे. छपरावर गवंडी कामाला आहेत, चांभाराचं दुकान उघडं आहे, गुरुजी मुलांना शिकवताहेत, वेशीतून लादलेली खेचरं आत येताहेत. वेशीबाहेर शेतं, मळणी, द्राक्षमळे. इतकं विस्तीर्ण निसर्गदृश्य प्राचीन रोमनंतर युरोपात त्याआधी कुणी काढल्याचं आपल्यासमोर नाही. वेशीवर अभयाची देवी उडते, तिच्या हातात फाशीचा खांब आहे. समोरची वाईट राज्याची भिंत बरीच खराब झालीय. दोघा लोरेन्झेत्ती भावांचा माग १३४८ च्या प्लेगमध्ये तुटतो. कॅथीड्रलचा अवाढव्य विस्तार तेव्हाच थांबला, त्याची अर्धवट दर्शनी भिंत आजही उभी आहे.

पादुआ: पंधरा मिनिटं

तुमच्या मार्गात हे आपोआप बसतं, फ्लॉरेन्स-व्हेनिस लोहमार्गावरच पादुआ आहे. एन्रिको स्क्रोव्हेन्यी या धनाढ्यानं १३०० मध्ये इथे जागा घेतली, प्रार्थनागृह बांधलं, जोत्तोला बोलावलं आणि २५ मार्च १३०५ ला त्याचं पवित्रीकरण झालं. त्याचा बाप व्याजबट्ट्यासाठी इतका कुप्रसिद्ध की कवी दान्तेनं आपल्या महाकाव्यात त्याला नरकात बसवलं. मुलानं पापक्षालनासाठी बांधलं असं सरसकट म्हटलं जातं. ते खरं असेलही, पण मला त्यात घराण्याची प्रतिष्ठा मिरवण्याचा भागही तितकाच दिसतो. प्रवेशदाराच्या भिंतीवर, अखेरच्या निवाड्याच्या, म्हणजे जगाच्या अंती सज्जन आणि पापी वेगळे केले जातात त्या दृश्यात एन्रिको स्वतः गुडघ्यावर बसून इमारतीची प्रतिकृती अर्पण करतोय, तीही सज्जनांच्या बाजूला.

आरक्षण आधीच करावं लागतं. बाहेरच्या काचेच्या खोलीत हवेतली आर्द्रता आणि धूळ नियंत्रणात आणण्यासाठी थांबवतात, मग आत साधारण पंधरा मिनिटं. लोक आत शिरतात, निळं छत बघून भान हरपतं आणि वेळ संपते. म्हणून क्रम घरूनच पाठ करून जा. वेदीकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या, म्हणजे खिडक्यांच्या भिंतीवर, सगळ्यात वरच्या पट्ट्यात, वेदीच्या टोकापासून गोष्ट सुरू होते, मेरीच्या आई-वडिलांपासून. तिथून ती खोलीला फेऱ्या घालत खाली उतरते. सगळं बघायचा हट्ट नको. पहिली दोन मिनिटं नुसती खोली, मग तीन चित्रं.

पहिलं, मेरीचे आई-वडील सोनेरी वेशीपाशी भेटतात ते. दोन म्हाताऱ्या माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळून एकच आकार होतो. दुसरं, येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचं चुंबन, खिडक्यांच्या भिंतीवर खालच्या पट्ट्यात. यहूदाच्या पिवळ्या झग्यानं येशू पुरता वेढला जातो आणि त्या गोंधळात दोन चेहरे नाकासमोर नाक आणून स्थिर. तिसरं समोरच्या भिंतीवर, येशूच्या शवाभोवतीचा शोक. पुढे दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, नुसते कापडाचे ढीग, आणि त्या पाठींवरून रडणं कळतं. मागचा खडक उजवीकडून तिरका उतरत थेट आई आणि मुलाच्या चेहऱ्यांपाशी येतो. उफ्फिझीत मांडीचं वजन म्हणजे काय हे बघून आलेला असाल तर इथे ते वजन दुःखाचं झालेलं दिसेल.

उरलेलं, थोडक्यात

फ्लॉरेन्समध्ये उफ्फिझीबाहेर सांता क्रोचे चुकवू नका. बार्दी आणि पेरुझ्झी या बँकर घराण्यांच्या दालनांत जोत्तोची भित्तिचित्रं आहेत. अठराव्या शतकात त्यांवर चुना फासला गेला होता. बार्दी दालनातल्या फ्रान्सिसच्या मृत्यूच्या दृश्यात, नंतरच्या काळात भिंतीला लावलेल्या थडग्याच्या आकाराची खाच अजून दिसते. पेरुझ्झीचं काम बरंचसं कोरड्या भिंतीवर झालं, म्हणून जास्त झिजलं. ओल्या आणि कोरड्याचा फरक शेजारी शेजारी बघायला याहून चांगली जागा नाही. त्याच चर्चचा चिमाब्वेचा क्रूस ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात सापडला आणि त्यावरचा बराच रंग गेला.

रोममध्ये त्रास्तेवेरे भागात सांता चेचिलिया चर्चला जा. कावाल्लिनीचा १२९३ च्या सुमाराचा अखेरचा निवाडा आत मठाच्या बाजूला आहे आणि तो ठरावीक वेळातच उघडतात. हे बघितलं की जोत्तो आकाशातून पडला नव्हता हे कळतं. पिसा या फेरीत सोडून द्या. तिथलं काम्पोसांतो, म्हणजे भित्तिचित्रं असलेली जुनी दफनभूमी, जुलै १९४४ च्या आगीत होरपळलं. जे वाचलं ते मोलाचं आहे, पण दहा दिवसांत ते सिएनाच्या वाटणीचा दिवस खाईल.

म्हणून माझी आखणी अशी. रोम दोन दिवस, असिसी एक रात्र, फ्लॉरेन्समध्ये पाच रात्री आणि त्यातला एक पूर्ण दिवस सिएनासाठी, मग पादुआ आणि शेवटी व्हेनिस. क्रमही असाच ठेवा. असिसीत सगळे एकत्र दिसतात, उफ्फिझीत डोळा घासला जातो, सिएनात चित्रामागचं गाव कळतं आणि पादुआला पोचेपर्यंत पंधरा मिनिटं पुरतील इतकी तयारी झालेली असते. दिवस कमी पडले तर व्हेनिसमधला काढा, सिएनातला नको. आई-वडिलांना चालणं जड जात असेल तर असिसीची रात्र गाळून वाटेत काही तासांचा थांबा घ्या आणि फक्त बासिलिका बघा. असिसीचं स्टेशन गावाच्या खाली काही किलोमीटरवर आहे, वर जायला बस मिळते. फ्लॉरेन्सहून सिएनाला बसनं जा, ती जुन्या गावाच्या जवळ सोडते. रेल्वेनं गेलात तर स्टेशनपासून वर यायला सरकते जिने आहेत. उफ्फिझी सोमवारी बंद असतं. बरीच चर्च दुपारी बंद होतात, तेव्हा सकाळ चर्चसाठी आणि दुपार संग्रहालयासाठी ठेवा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. काही ठिकाणी नाणं टाकल्यावरच भिंतीवरचा दिवा लागतो, म्हणून सुटे युरो खिशात असू द्या. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या, असिसीत आणि पादुआत वरचे चेहरे तिच्याशिवाय दिसत नाहीत. सगळ्यात आधी पादुआचं आरक्षण करा. ती तारीख आणि वेळ नक्की झाली की बाकीचे दिवस तिच्याभोवती लावता येतील.